उजळून दिलेली साखळी

आमच्या घरात साखळी म्हटलं की आधी विचारावं लागतं, कुणाची. मोठ्या मामांची असेल तर ती बोटाएवढ्या जाडीची, काळी आणि तेलकट असते, आणि तिला एक अख्खं इंजिन लटकतं. धाकट्या मामाची असेल तर ती कागदाच्या पुडीत ठेवावी लागते, नाहीतर फुंकरीने उडेल. मोठे मामा बोटींची इंजिनं दुरुस्त करतात, धाकटा मामा गळ्यातल्या साखळ्या घडवतो. आणि मी साखळ्या तोडते. निदान कुणी ‘मुलगी काय करते’ असं विचारलं तर आई हेच सांगते.

ते चुकीचं नाही. मी ज्या प्रयोगशाळेत काम करते तिथे धातूच्या वस्तू ओढून, वाकवून, दाबून पाहतात. माझ्या टेबलावर सायकलच्या चेन येतात, कुत्र्याच्या साखळ्या येतात, दाराच्या येतात, ट्रकवरचा माल आवळायच्या येतात. एकदा नांगराची आली होती, तिची एक कडी दोघांनी धरून आणली. अन्नसाखळी, साखळी सामने, मानवी साखळी, दुकानांची साखळी यांच्याशी माझा संबंध येत नाही. एवढ्या साध्या वस्तूच्या नावावर माणसांनी किती काय अडकवून ठेवलंय याचं मला कधी कधी हसू येतं.

वर्षातून एकदा मी मोठ्या मामांच्या कारखान्यात जाऊन त्यांच्या चेनकप्पीची चेन तपासते. छताच्या तुळईला कप्पी आहे, कप्पीतून चेन खाली येते, चेनच्या टोकाला आकडा आणि आकड्याला इंजिन. हे काही माझ्या नोकरीचं काम नाही, घरचं आहे. कड्या मोजायच्या, घासल्या असतील तर किती ते पाहायचं, कुठे चीर किंवा पीळ आहे का बघायचं. टांगलेल्या इंजिनाखाली मामांचा मुलगा शिरतो. त्याला सगळे छोटू म्हणतात, आणि तो दारातून आत येताना वाकतो. त्याच्या छातीवर ते इंजिन लटकत असतं, म्हणून मी जाते. खाली लाकडी ठोकळे लावा, असं मी दर वेळी सांगते. मामा ‘हो’ म्हणतात. ठोकळे भिंतीशी असतात.

दोन्ही मामांमध्ये बरीच वर्षं बोलणं नव्हतं. कारण आईने मला लहानपणीच सांगून टाकलं होतं, तेही भांडी घासता घासता. आजोबा गेल्यावर धाकट्या मामाने इंजिनांच्या कामाला राम राम ठोकला आणि स्वतःचं छोटं दुकान टाकलं. पहिल्या दिवशी मोठे मामा गेले. काचेखालच्या साखळ्या पाहिल्या, एक उचलली, बोटावर तोलली आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, “जी वजन उचलत नाही ती कसली रे साखळी?” चारजण हसले. धाकटा मामा हसला नाही. त्यानंतर दोघांमधलं जे काही होतं ते आईमार्फत जायचं. “माझे भाऊ माझ्याशी बोलतात,” आई म्हणायची, “म्हणजे मी फोन ठेवायचा आणि दुसऱ्याला लावायचा.”

मागच्या वर्षी ते सुटलं. मोठे मामा चष्मा सारखा हरवायचे. इंजिनात, बादलीत, एकदा तर ग्रीसच्या डब्यात. आईने त्यांना चष्म्याला लावायची एक साखळी आणून दिली. कुणी केली ते तिने सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलंही नाही. कित्येक महिने ती त्यांच्या मानेवर होती. मग एकदा ते आईला म्हणाले, “त्याला म्हणावं, एक कडी निसटलेली नाही.” आईने हे मुद्दाम पोहोचवलं नाही. “तूच सांग,” म्हणाली. त्यांना तीन दिवस लागले, पण सांगितलं. आता धाकटा मामा दुकान बंद करून संध्याकाळी कारखान्यात चहाला जाऊ लागला होता.

एवढं माहीत असताना मी यंदा चेन पाहायला गेले. आईही बरोबर आली. दोन्ही भाऊ एका बाकावर बसलेले पाहायला ती हल्ली निमित्त शोधते.

आत शिरले आणि वर पाहिलं. चेन चमकत होती. नुसती स्वच्छ नव्हती, आरशासारखी होती. काळ्या तुळईखाली, काळ्या कप्पीतून ती पांढरी शुभ्र खाली आली होती, आणि तिच्या टोकाला तेलाने माखलेलं इंजिन होतं. इंजिनाखालून छोटूचे पाय बाहेर आले होते.

“काय डॉक्टरीणबाई,” मोठे मामा म्हणाले, “पेशंट ओळखू येतो का?”

“कुणी केलं हे?”

मामांनी भावाकडे पाहिलं नाही, चेनकडेच पाहिलं. “आपल्या घरात दागिने उजळून देणारा एकच आहे.”

धाकटा मामा बाकावर पाय हलवत बसला होता. त्याला किती आनंद झालाय हे लपवायचा तो प्रयत्न करत होता आणि ते काही जमत नव्हतं. “उगाच आपलं,” तो म्हणाला. “म्हटलं, इतकी वर्षं ही बिचारी राबतेय, हिला कधी कुणी आंघोळ घातली नाही.”

“मोठ्याने स्वतः कप्पी उघडून चेन काढून दिली,” आई मला म्हणाली. “मला सुद्धा हात लावू देत नाही तिला.”

“तुला कशाला लावू देऊ? तू परकर वाळत घालशील.”

छोटू इंजिनाखालून हसला. त्याचं हसणं ऐकू आलं, तोंड दिसत नव्हतं.

“कशाने उजळलीस?” मी धाकट्या मामाला विचारलं.

“नेहमीसारखीच. आधी सगळं तेल काढलं. मग तेजाबात टाकली. मग घासून घासून निकेलचा मुलामा दिला. एकेक कडी ब्रशने घासलीय बरं का, रविवार गेला माझा.”

“तेजाबात किती वेळ होती?”

“रात्रभर. गंज जुना होता ना, याच्यासारखाच. सुटायलाच तयार नाही.”

सगळे हसले. सर्वांत जास्त मोठे मामा हसले. मी छोटूच्या पायांकडे पाहत होते.

“छोटू, बाहेर ये.”

“झालंच ताई, एक बोल्ट राहिलाय.”

“आत्ता ये. इंजिन खाली घ्या, मला चेन मोकळी मोजायची आहे.”

हे खोटं नव्हतं. भार लटकत असताना ती मोजत नाहीत. छोटू कुरकुरत बाहेर आला, मामांनी ठोकळे सरकवले, हातचेन खडखडत फिरली आणि इंजिन ठोकळ्यांवर टेकलं. मग मी पिशवीतून व्हर्निअर काढला. सुरुवातीच्या कड्या मी दोनदा मोजल्या.

मापं उत्तम होती. झीज थोडी, लांबी जवळजवळ मूळची. भिंगातून चीर दिसली नाही. कुठल्याही तपासनिसाने ती चेन पास केली असती.

तेजाब म्हणजे आम्ल, आणि आम्लात लोखंड बुडवलं की बुडबुडे येतात. ते हायड्रोजनचे. मुलामा देताना वीज सोडतात तेव्हाही हायड्रोजन तयार होतो. तो सगळाच हवेत जात नाही. काही अणू पोलादात शिरतात, कारण ते इतके लहान असतात की त्यांना कुठेही वाट सापडते. मऊ लोखंडाला त्याचं फारसं काही होत नाही. सोन्याचांदीचा तर प्रश्नच नाही, म्हणून सोनाराला हे कधी शिकावं लागत नाही. पण भार उचलायची चेन तापवून, विझवून मुद्दाम कडक केलेली असते. तिच्यात हे अणू जिथे ताण जास्त तिथे गोळा होतात. धक्का बसला, जास्त वजन लावलं म्हणून ती तुटते असं नाही. नेहमीचंच वजन लटकत ठेवलेलं असतं, तास जातात, दिवस जातात आणि कुणी काही करत नसताना ती काचेसारखी तुटते. आधी ताणली जात नाही. आवाज करत नाही. अशा तुटलेल्या कड्या मी हातात घेतल्या आहेत, पण त्या परक्या लोकांच्या होत्या.

“पास की नापास?” मोठ्या मामांनी विचारलं.

“ही मी चार दिवस घेऊन जाते. नवा मुलामा आहे, नीट पाहायचाय.”

“चार दिवस? बोटवाला डोक्यावर बसलाय माझ्या.”

“ठोकळ्यांवर काम करा तोवर. तसंही मी दर वर्षी सांगतेच.”

मामांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. धाकटा मामा उत्साहाने उठला, कप्पीतून चेन काढली आणि स्वतःच्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून दिली. “ओरखडा पडू देऊ नकोस,” म्हणाला.

रस्त्यात आई म्हणाली, “मोजताना तुझं तोंड बघितलं मी. काय झालंय ते सांग.”

मी सांगितलं. तिने मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. कोपऱ्यावरच्या दुकानाशी ती थांबली, काचेतली चपलांची रांग पाहिल्यासारखं केलं आणि म्हणाली, “झिजलीय म्हण.”

“झिजलेली नाही.”

“चेन झिजतेच की. तू म्हणालीस की तो बदलेल. नवी आणतील, विषय संपला. तुला खोटं बोलायला नाही सांगत मी. सगळं खरं बोलू नकोस एवढंच.”

“आई.”

“तू मोठ्याला ओळखत नाहीस. तू भाची आहेस, तुझ्याशी तो लाडाने बोलतो. छोटू खाली होता हे त्याच्या डोक्यात शिरलं ना, की झालं. आणि धाकटा तर एका वाक्यावर इतकी वर्षं रुसून बसलेला माणूस. यावर काय करेल?” तिचा आवाज चढला नव्हता, नेहमीपेक्षा हळूच होता. “दोघांना एका बाकावर बसवायला मला केवढा काळ लागला. आता माझ्यात पुन्हा तेवढा दम नाही.”

मला ते पटत चाललं होतं. चेन बाद होणार हे नक्की होतं. कारण कोणतं सांगायचं एवढाच प्रश्न होता आणि झिजणं हे सर्वांत सभ्य कारण होतं. कुणाचाच दोष नाही, फक्त वय झालं. मी ‘बरं’ म्हणणारच होते.

“आणि तो इतका खूश आहे,” आई म्हणाली. “शेजारचा लेथवाला आला होता बघायला. म्हणाला, माझीही चेन उजळून द्या. धाकट्याने तर त्याच्या चेनचं पोतं घेऊन ठेवलंय, म्हणे या रविवारी.”

बोलून झाल्यावर तिला स्वतःलाच ते ऐकू आलं. आम्ही दोघी चपलांकडे पाहत उभ्या राहिलो.

“मग सांग,” ती म्हणाली. “पण आधी त्याला. मोठ्यासमोर नको.”

धाकट्या मामाचं दुकान इतकं अरुंद आहे की गिऱ्हाईक बसलं की दुसऱ्याला बाहेर थांबावं लागतं. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा तो एकटाच होता. सळईवर गुंडाळलेली तार कापून त्याने कड्यांचा ढीग केला होता. चिमट्याने एकात एक अडकवत होता, प्रत्येक सांध्यावर डाखेचा, म्हणजे जोडधातूचा, कण ठेवत होता आणि बारीक ज्योतीने झाळत होता. हात न थांबवता म्हणाला, “ये. काय म्हणते आमची सुंदरी?”

“मामा, ज्योत बंद कर जरा.”

त्याने बंद केली. मी जमेल तितक्या साध्या शब्दांत सांगितलं. तो माझ्याकडे पाहत नव्हता, समोरच्या कड्यांकडे पाहत होता.

“काल मी गेलो तेव्हा छोटू खालीच होता,” तो म्हणाला. “परवाही.”

“हो.”

“मी तिथे बसून चहा पीत होतो.”

त्याने चिमटा खाली ठेवला.

“भट्टीत तापवली तर? धातूत काही शिरलं असेल तर तापवून निघतं.”

“मुलामा दिल्यावर लगेच तापवली असती तर कदाचित निघालं असतं. आता आत चीर सुरू झाली असेल तर ती बुजत नाही. आणि झाली आहे की नाही, ते वरून कळत नाही.”

“माझ्या हातून आजवर कुणाचं काही बिघडलं नाही गं.”

“तुला कसं माहीत असणार? तुझ्या कामात याची कधी गरजच पडत नाही.”

“ते मोठ्याला सांग.” मग तोच म्हणाला, “नको. तू नको सांगूस. तू सांगितलंस तर मी लपलो असं होईल.” कोपऱ्यात लेथवाल्याचं पोतं होतं. ते त्याने पायाने दाराकडे सरकवलं. “आधी हे जसंच्या तसं परत. मग तिकडे. तू बरोबर ये, मला ते अणूबिणू नीट सांगता येणार नाही.”

अणूबिणू सांगायची वेळ आलीच नाही. कारखान्यात शिरल्या शिरल्या, अजून दारात असतानाच तो म्हणाला, “तुझी चेन मी घालवली.”

मोठे मामा हात पुसत होते. “म्हणजे हरवली?”

“घालवली म्हणजे बिघडवली. तेजाबात घालायची नसते असली चेन. ती कधीही तुटू शकते. छोटूच्या अंगावर आली असती.”

मोठे मामा हात पुसतच राहिले. मग माझ्याकडे वळले. “तुझी मापं बरोबर आली होती ना?”

“आली होती.”

“चीर होती?”

“दिसली नाही.”

“मग हा काय बोलतोय? तेजाबाने गंज जातो. चेन कशी जाईल?” त्यांचा आवाज चढला. पण मला दिसलं, ते रागावलेले नव्हते, रागावायचं टाळत होते. हे खरं ठरलं तर पुढे काय करावं लागेल याचा त्यांना अंदाज आला होता. “पुस्तकात शंभर गोष्टी लिहिलेल्या असतात. तोडून दाखव.”

“मोठे मामा...”

“चेन तोडायचंच काम आहे ना तुझं? तोडून दाखव मग. मी येतो.”

“मीही येतो,” धाकटा मामा म्हणाला.

शनिवारी दुपारी प्रयोगशाळेत माझ्याशिवाय कुणी नसतं. मी चेनचा एक तुकडा यंत्रात अडकवला, इंजिनाच्या वजनाएवढाच भार लावला आणि समोरची जाळी बंद केली. जाळीपलीकडे बाक होता. दोघे बसले. यंत्राची सुई एका जागी स्थिर झाली आणि तिथेच राहिली.

थोड्या वेळाने मोठे मामा म्हणाले, “सुरू कर की.”

“सुरूच आहे.”

“काही होत नाहीये.”

“हे असंच असतं. वाट पाहायची.”

“तोडून दाखव म्हटलं होतं, टांगून दाखव नाही.”

“तुमच्याकडे ती टांगलेलीच असते, मामा.”

ऊन खिडकीतून सरकत टेबलापर्यंत आलं. मी चहा केला, काचेच्या बीकरमध्ये नाही, कपांत, कारण धाकट्या मामाने तशी खात्री करून घेतली. चेन चमकत होती. काही झालं नाही तर बरं, असं मला वाटत होतं आणि त्याच वेळी, काही झालं नाही तर हे दोघे ती चेन परत घेऊन जातील, असंही वाटत होतं. धाकटा मामा बहुधा याच दोन्हींच्या मध्ये बसला होता. गुडघ्यांवर हात, नजर चेनवर.

“त्या दिवशी मी बोललो ना तुझ्या दुकानात,” मोठे मामा अचानक म्हणाले.

“कुठल्या दिवशी?”

“येडा आहेस का? एकदाच आलोय मी तुझ्या दुकानात.”

“मला काय माहीत, तू बरंच बोलतोस.”

मोठ्या मामांनी कप खाली ठेवला. “मला वाटलं होतं, दोघं मिळून चालवू. बाबांनंतर. तू कप्पी धरशील, मी खाली शिरेन. तू न विचारता निघून गेलास, काचा लावल्यास, दिवे लावलेस. मग मला काहीतरी टाकून बोलायचंच होतं.”

“हे तेव्हा बोलला असतास तर.”

“तर राहिला असतास?”

धाकट्या मामाने थोडा विचार केला. “नाही.”

“बघ.”

“पण वाईट वाटून गेलो असतो. रागावून नसतो गेलो.”

“मला तर वाईटच वाटत होतं,” मोठे मामा म्हणाले, “म्हणूनच...”

कडी तुटली.

आवाज लहान होता, कोरडा, काठी मोडल्यासारखा. वरचा तुकडा उसळून जाळीवर आपटला आणि झुलत राहिला. सुई शून्यावर आली होती. त्या क्षणी आमच्यापैकी कुणीही यंत्राला हात लावलेला नव्हता.

मी भार काढला, जाळी उघडली आणि तुटलेली कडी चिमट्याने उचलली. तुटलेल्या जागी ती बारीक झालेली नव्हती, ताणली गेलेली नव्हती. तोंड सपाट होतं आणि साखरेसारखं दाणेदार चकाकत होतं. मोठ्या मामांनी ती चष्म्याजवळ धरली. मग ते कडीकडे पाहायचे थांबले आणि यंत्राच्या खालच्या, रिकाम्या जागेकडे पाहू लागले. तिथे काहीच नव्हतं. ते बराच वेळ पाहत राहिले.

धाकटा मामा उठला आणि दार ओढून घेऊन बाहेर गेला.

मला वाटलं, संपलं. आईला काय सांगायचं याची वाक्यं माझ्या डोक्यात जुळायला लागली.

मोठ्या मामांनी कडी टेबलावर ठेवली. “ही चेन कप्पीतून कुणी काढून दिली गं?” त्यांनी मला विचारलं.

“तुम्ही.”

“आणि ठोकळे कुणी नाही लावले?”

त्यांना उत्तर नकोच होतं. ते दाराशी गेले, दार उघडलं. धाकटा मामा जिन्याच्या कठड्याला टेकून उभा होता, पाठमोरा.

“चल,” मोठे मामा म्हणाले.

“तू हो पुढे. मी घरी जातो.”

“घरी जाऊन काय करणार? बायकोला उजळणार?”

तो हसला नाही. “मला आता तुझ्या कारखान्यात यायला नको वाटतंय.”

“वाटू दे. छोटूला सांगायचंय. मी एकट्याने जाऊन त्याला सांगणार नाही की बाबा रे, आठवडाभर तू कशाखाली झोपला होतास. चेन माझी, तेजाब तुझं. दोघांनी सांगायचं.” मग जरा थांबून म्हणाले, “तो मला बोलणारच आहे. मधे कुणीतरी पाहिजे.”

धाकटा मामा वळला. डोळे पुसण्यासाठी त्याने खिशातून फडकं काढलं. चांदी पुसायचं ते काळं फडकं होतं, त्यामुळे तोंडावर एक पट्टा उमटला. मोठ्या मामांनी तो पाहिला आणि सांगितलं नाही.

“सांगताना सुरुवात कुणी करायची?” धाकट्याने विचारलं.

“तू. तू लहान आहेस.”

“चेन तुझी आहे ना? मग तू कर.”

“दारात उभं राहून ‘घालवली’ म्हणायला कुणी सांगितलं होतं? तसंच म्हण.”

ते जिना उतरायला लागले. मोठ्या मामांचे गुडघे दुखतात, म्हणून ते एकेक पायरी घेतात. धाकटा मामा त्यांच्या मागे तितकाच हळू. मी कठड्यावरून हाक मारली, “नवी चेन घ्यायला जाल तेव्हा मला न्या.”

“नेतो,” खालून मोठे मामा म्हणाले. “आणि तेल लावून काळीच आणू.”

बाद केलेली चेन अख्खी फेकायची नसते. कुणीतरी उचलतं आणि पुन्हा काहीतरी टांगतं. मी परत आत गेले, डोळ्यांवर चष्मा चढवला आणि उरलेल्या कड्या करवतीच्या चाकाखाली एकेक करून कापायला घेतल्या. पहिली कापून होईपर्यंत खालचे आवाज येत होते, सुरुवात कुणी करायची यावरूनच. मग चाकाच्या आवाजात ते बुडाले.